जुलाब-उलट्यांत शरीरातील पाणी, क्षार आणि आम्ल-आम्लारी समतोल कसा सांभाळावा

पातळ जुलाब सुरू झाले की घरात पहिली धावपळ होते ती जुलाब थांबवणाऱ्या गोळीसाठी. रुग्णाच्या जिवाला धोका मात्र जुलाबांच्या संख्येपेक्षा त्यांतून वाहून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. ही तूट वेळीच भरून निघाली, तर बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. तूट किती झाली आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, ती कशाने आणि कोणत्या वेगाने भरावी, आणि कोणत्या टप्प्यावर घरचे उपाय सोडून रुग्णालय गाठावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी नेमके काय वाहून जाते ते पाहू. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यातील २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर पेशींच्या बाहेर असते. या बाहेरच्या पाण्यापैकी रक्तातील द्रवभाग अवघा ३ लिटरच्या आसपास भरतो. पेशींच्या बाहेर सोडिअमचे राज्य असते, तर आत पोटॅशिअमचे. आतड्यात दररोज, आपण प्यालेले पाणी आणि शरीरानेच सोडलेले पाचकरस मिळून, ८ ते ९ लिटर द्रव उतरतो, आणि त्यातील १०० ते २०० मिलिलिटर सोडून बाकी सगळा परत शोषला जातो. एवढ्या मोठ्या व्यवहारात थोडी जरी गडबड झाली, तरी तिचा फटका त्या ३ लिटरांना बसतो. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, गंभीर रुग्णाच्या शरीरातून एका तासात लिटरभर द्रव जाऊ शकतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कडक आहे: दहा किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले, म्हणजे त्याचे दहा टक्के वजन गेले, आणि ही तूट गंभीर समजली जाते.

पाण्याबरोबर सोडिअम, पोटॅशिअम आणि बायकार्बोनेट हे तिन्ही जातात. यातील बायकार्बोनेटकडे घरात कोणाचेच लक्ष नसते. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, आणि तो तेथे राखण्यात बायकार्बोनेटचा मोठा वाटा असतो. जुलाबांतून ते निघून गेले की रक्त आम्लतेकडे झुकते. ती आम्लता कमी करण्यासाठी फुप्फुसे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतात, आणि रुग्णाचा श्वास खोल व जलद होतो. जुलाबांनी थकलेले मूल असे भराभर श्वास घेऊ लागले, की छातीत कफ झाला असावा असे समजून वाफ देण्यात वेळ घालवला जातो. वास्तविक हे समतोल ढळल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा मुलाला त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्यावे. नुसत्या उलट्याच जास्त होत असतील तर उलटे घडते: जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर जाते, रक्त आम्लारीकडे, म्हणजे आम्लतेच्या उलट दिशेला, झुकते, आणि त्या गडबडीत मूत्रपिंडे पोटॅशिअमही लघवीवाटे सोडत राहतात. पोटॅशिअम कमी झाले की हातपाय गळतात, पोट फुगते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

तूट किती झाली ते ओळखणे

शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेले असेल, तर बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. म्हणूनच लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पहिल्या पातळ जुलाबापासूनच जास्त द्रव देणे सुरू करावे. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी चार गोष्टी पाहाव्यात: रुग्ण शुद्धीवर व नेहमीसारखा आहे की चिडचिडा किंवा मलूल झाला आहे, डोळे खोल गेले आहेत का, पाणी समोर धरले की तो ते कसे पितो, आणि त्वचेचा चिमटा घेतल्यावर काय होते.

चिमटा पोटावर, बेंबी आणि पोटाची बाजू यांच्या मधोमध घ्यावा. अंगठा आणि तर्जनी यांत त्वचेची घडी शरीराच्या लांबीच्या दिशेने उभी धरावी, क्षणभर उचलावी आणि सोडावी. घडी तत्काळ सपाट झाली तर ठीक. ती हळूहळू बसताना डोळ्यांना दिसली, तर तूट झालेली आहे. दोन सेकंदांहून अधिक काळ ती तशीच उभी राहिली, तर तूट गंभीर आहे. मूल अस्वस्थ व किरकिरे असेल, डोळे खोल गेले असतील, ते पाण्यावर अधाशासारखे तुटून पडत असेल आणि घडी हळू बसत असेल, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी आढळल्या तर तुटीची पायरी मध्यम मानावी. मूल सुस्त पडले असेल किंवा जागे होत नसेल, डोळे खोल गेले असतील, पाणी पिता येत नसेल किंवा नीट पीत नसेल आणि घडी दोन सेकंदांनंतरही बसत नसेल, यांपैकी दोन गोष्टी असतील तर ती गंभीर तूट होय, आणि तिच्यावर उपचार शिरेतून द्यायच्या सलाईननेच करावा लागतो. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली आहे का हेही पाहावे. कुपोषित मुलात आणि वयस्कर माणसात मात्र चिमट्यावर विसंबू नये, कारण त्यांची त्वचा एरवीही सैल असते. वयस्कर माणसांना तहानही कमी लागते, म्हणून त्यांच्या बाबतीत लघवी किती वेळा झाली, तिचा रंग किती गडद आहे आणि उभे राहताना अंधारी येते का, यांवर लक्ष ठेवावे.

ओआरएस (जलसंजीवनी) कसे बनवावे

नुसते पाणी पाजून काम का भागत नाही, याचे उत्तर आतड्याच्या अस्तरात आहे. तेथील पेशींवर एक वाहक प्रथिन असते, जे ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडिअमचे दोन आयन (विद्युतभारित कण) एकदमच आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरते. पटकीचे विष आतड्यातून क्लोराइड व पाणी बाहेर ओतायला लावते, पण या वाहकाला ते हात लावत नाही. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे राहते. फक्त ते उघडण्यासाठी साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ठरवलेल्या ओआरएसच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. यातून लिटरमागे सोडिअम ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), ग्लुकोज ७५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १० मिलिमोल मिळते. शरीरात सायट्रेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते, आणि आम्लतेकडे झुकलेले रक्त त्यामुळे सावरते. पूर्वी यासाठी खाण्याचा सोडाच घालत असत, पण दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र असलेले पाकीट तपकिरी पडून खराब होई, म्हणून सायट्रेट आले.

हा उपचार घरच्या माणसांच्या हाती सोपवता येतो हे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत दिसून आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोंढ्यांत पटकी पसरली, सलाईनचा साठा संपत आला, आणि डॉ. दिलीप महालनोबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवले. पिंपाच्या तोटीतून ते घेऊन रुग्णांना पाजण्याचे काम बव्हंशी नातेवाइकांनीच केले, आणि मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणाऱ्याला वैद्यकीय शिक्षण नव्हते. मिश्रण मात्र मोजून केलेले होते.

आपल्याकडे नेमके हे मोजणेच राहून जाते. जलसंजीवनीचे म्हणजे ओआरएसचे पाकीट हातात घेतल्यावर सर्वांत आधी ते किती पाण्यासाठी आहे हे वाचावे. सुमारे २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, तर सुमारे ४ ग्रॅमचे छोटे पाकीट २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ओतले, तर त्या पाण्यातील सोडिअम लिटरमागे ३७५ मिलिमोलच्या पातळीला जाते. रक्तातील सोडिअम १३५ ते १४५ असते. असे पाणी बाळाला पाजले तर रक्तातील सोडिअम धोकादायक वाढते, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि झटकेही येऊ शकतात. उलट, एकच पाकीट पुरवून वापरावे म्हणून ते दोन लिटरांत कालवले, तर क्षार निम्म्यावर येतात आणि तूट भरत नाही. तांब्या, फुलपात्र, पेला यांची मापे घरोघरी वेगळी असल्यामुळे एक लिटरची पाण्याची रिकामी, स्वच्छ बाटली हेच सर्वांत भरवशाचे माप आहे.

हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून पूर्ण गार करावे, त्यातील बरोबर एक लिटर स्वच्छ भांड्यात घ्यावे, पाकीट एकाच वेळी पूर्ण रिकामे करावे आणि सगळी भुकटी विरघळेपर्यंत ढवळावे. अर्धे पाकीट आज आणि अर्धे उद्या असे करू नये, कारण भुकटीतील घटक पाकिटात सारखे पसरलेले असतीलच असे नाही. तयार द्रावण पुन्हा उकळू नये. त्यात वरून साखर, दूध किंवा फळांचा रस घालू नये. झाकून ठेवलेले द्रावण २४ तासांत वापरावे आणि उरलेले ओतून द्यावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागत असेल, तर माप चुकले आहे असे समजून नवे बनवावे.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घालून दिले तरी चालते. चमचा सपाट असावा, शीग लावलेला नसावा. या मिठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशिअम नसते आणि सायट्रेटही नसते, म्हणून ते पाकिटाची जागा घेऊ शकत नाही. आशा सेविकेकडे, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाकीट मिळते, ते आणायला कोणाला तरी लगेच पाठवावे.

दुकानातून आणताना आणखी एक काळजी घ्यावी. काचेच्या फडताळात पाकिटांशेजारी फळांच्या चवीची, कागदी डब्यांतली तयार पेयेही मांडलेली असतात. त्यांतील अनेकांत साखर भरपूर आणि सोडिअम कमी असते. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि सोडिअम ७५ हा आकडा शोधावा. शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. इतकी साखर आतड्यात उतरली की ती रक्तातील पाणी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. शहाळ्याचे पाणी चांगले असले तरी त्यात पोटॅशिअम भरपूर आणि सोडिअम कमी असते, म्हणून ते ओआरएसच्या जोडीने द्यावे, त्याच्याऐवजी देऊ नये.

किती आणि कसे पाजावे

तुटीची लक्षणे नसतील, तर दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यांना हवे तेवढे द्रावण द्यावे. तूट मध्यम असेल, तर पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर हे माप धरतात. हे चार तास शक्यतो आरोग्य केंद्रात, देखरेखीखाली काढावेत. पण तेथे पोहोचेपर्यंत पाजणे थांबवू नये.

दहा किलोच्या मुलाला चार तासांत ७५० मिलिलिटर म्हणजे तासाला १९० मिलिलिटरच्या जवळपास, मिनिटाला साधारण तीन. पाच मिलिलिटरचा चहाचा चमचा दर दीड मिनिटाला दिला की हा हिशेब जमतो. ऐकायला सोपे वाटले तरी हे काम कंटाळवाणे आहे. एका माणसाने चार तास सलग करू नये, घरातल्यांनी पाळी लावून घ्यावी. तहानलेल्या मुलाच्या तोंडाला पेला लावला तर ते घटाघटा पिते आणि सगळे ओकून टाकते. मग पोटात पाणी ठरत नाही म्हणून पाजणेच बंद केले जाते, आणि हीच सर्वांत महाग पडणारी चूक असते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि नंतर दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा या मंद गतीने पुन्हा सुरू करावे. उलटी झाली तरी आधी दिलेल्या पाण्याचा बराच भाग खाली उतरलेला असतो. चार तासांनंतर चिमटा आणि इतर लक्षणे पुन्हा पाहून पुढचे ठरवावे. लघवी होऊ लागली आणि मूल पुन्हा खेळकर झाले की तूट भरत आली असे समजावे, मग जुलाब चालू असले तरी घाबरण्याचे कारण नाही.

पोटाला आराम म्हणून अन्न तोडण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे, आणि ती सोडलेली बरी. आईचे दूध तर मुळीच थांबवू नये, उलट अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलांना व माणसांना मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ वरणभात, ताक, केळे असे थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे. मुलांना जुलाबांच्या काळात झिंक १० ते १४ दिवस देतात: सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या मुलांना २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी हा क्रम पूर्ण करावा. जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना कधीही देऊ नये, आणि शौचात रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. प्रतिजैविकेही डॉक्टरांच्या सांगण्यावाचून सुरू करू नयेत.

मधुमेह असलेल्या माणसाला ओआरएसमधील साखरेची भीती वाटते. लिटरभर द्रावणात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते; जुलाब होत असताना ते नाकारण्यात जास्त धोका आहे. रक्तातील साखर मात्र तपासत राहावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जुलाब लागले, तर पाणी किती द्यावे आणि त्या गोळ्या काही दिवस थांबवाव्यात का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या माणसाला शहाळ्यावर शहाळी पाजणे तर थेट धोक्याचे आहे, कारण साठलेले पोटॅशिअम हृदय थांबवू शकते.

मूल सुस्त पडणे, पाणी पिता न येणे, दिलेले सर्व उलटून पडणे, सहा तासांहून अधिक काळ लघवी न होणे, शौचात रक्त, झटके, फुगलेले व ताठरलेले पोट, खोल जलद श्वास, किंवा दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब, यांतील एकही गोष्ट असली तरी थेट रुग्णालयात जावे. वाटेत, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चमच्याने पाजणे चालू ठेवावे. जाताना रुग्णाचे वजन, जुलाब व उलट्या साधारण किती झाल्या, शेवटची लघवी केव्हा झाली, काय आणि किती पाजले, आणि कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे.

रुग्णालयात रक्ताचा अहवाल हाती आला की पुढील आकडे पाहावेत. सोडिअम १३५ ते १४५, पोटॅशिअम ३.५ ते ५ आणि बायकार्बोनेट २२ ते २६ मिलिमोल ही साधारण मर्यादा आहे. समजा सोडिअम १३६, पोटॅशिअम ३, क्लोराइड ११२ आणि बायकार्बोनेट १४ आले. सोडिअममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केली की १० उरतात, आणि ८ ते १२ ही या फरकाची नेहमीची पातळी आहे. म्हणजे बायकार्बोनेट कमी असूनही फरक वाढलेला नाही. ते जुलाबांतून गेले आणि त्याची जागा क्लोराइडने घेतली, असा याचा अर्थ लागतो. हाच फरक २० च्या वर गेला असता, तर रक्ताभिसरण मंदावून लॅक्टिक आम्ल साठले आहे का, मूत्रपिंडे बंद पडत आहेत का, किंवा मधुमेही रुग्णात कीटोन नावाची आम्ले वाढली आहेत का, याचा डॉक्टर शोध घेतात. पोटॅशिअमच्या आकड्याबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्त काढताना किंवा नळीत तांबड्या पेशी फुटल्या, तर तो खोटाच जास्त येतो, आणि अशा वेळी नमुना पुन्हा घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे रक्तात आम्लता असताना पेशींतील पोटॅशिअम बाहेर येते, त्यामुळे एकूण साठा रिता झालेला असूनही आकडा ठाकठीक दिसतो. उपचाराने आम्लता उतरू लागली की ते पोटॅशिअम पुन्हा पेशींत शिरते आणि रक्तातील पातळी झपाट्याने खाली येते. सलाईन चालू असताना काही तासांतच रक्त पुन्हा तपासायला पाठवतात, ते याच कारणासाठी.